पारधीचा वाटा

रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला, संगमेश्वर तालुक्यात आमचे गाव आहे. गावाच्या तीन अंगांना रान आणि चौथ्या अंगाला नदी. शेत आणि रान यांच्यामध्ये एका बांधाचे काय ते अंतर! सपाटीला भात, उतारावर नाचणी आणि वरी. आश्विनात भाताच्या लोंब्या भरू लागल्या, की रात्री रानडुकरांचे कळप खाली उतरत. डुक्कर खाते थोडे आणि नासते फार. एका रात्रीत घरची वर्षाची बेगमी चिखलात लोळत असे. म्हणून माणसे शेतात माळे उभारून जागत, पत्र्याचे डबे बडवीत, शेकोट्या पेटवून आरोळ्या ठोकीत. अशा गावात पारध म्हणजे शेतीचेच एक काम होते, आणि वर्षातून चार-सहा वेळा मांस चुलीवर चढण्याचे ते एक निमित्तही होते. विकतचे मांस आणण्याची ऐपत फारच थोड्या घरांची होती.

१९६९ साली मी दहा वर्षांचा होतो. मळण्या उरकल्या, म्हणजे गावकीच्या बैठकीत पारधीचा दिवस ठरे. गावात ठासणीच्या दोनच बंदुका होत्या. दोन्ही शेतसंरक्षणाच्या परवान्यावर मिळालेल्या. त्यांतली एक आमच्या आजोबांची. नळीत आधी दारू घालायची, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, ते सारे गजाने ठासायचे आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. एवढी खटपट एका बारासाठी! तो चुकला, तर दुसरा भरीपर्यंत डुक्कर पलीकडच्या डोंगरात पोहोचलेले असे. आम्हां मुलांना बंदुकीला हात लावण्याची सक्त मनाई होती. मात्र काथ्या पिंजून देण्याचा मान माझा होता, आणि तो मी कोणाला मिळू देत नसे.

सकाळी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून मंडळी निघत. बंदूकवाले जनावरांच्या नेहमीच्या वाटांवर दबा धरून बसत. बाकीचे तीस-चाळीस गडी कुत्री घेऊन डोंगराच्या दुसऱ्या अंगाने ओरडत, ढोल बडवीत, रान उठवीत येत. याला हाका म्हणतात. हाकेकऱ्यांच्या हाती काठी आणि कोयता, एवढेच. जखमी डुकराचे सुळे माणसाची मांडी उभी चिरतात, हे प्रत्येकाला ठाऊक असे. कित्येकदा दिवसभर काटेकुटे तुडवून मंडळी रिकाम्या हातांनी परत येत, आणि त्या रात्री गावात कोणी त्याबद्दल फारसे बोलत नसे.

शिकार मिळाली, की ती बांबूला बांधून देवळामागच्या वडाखाली आणीत. तेथे चालणारी वाटणी पाहण्यासाठी आम्ही मुले शाळा सुटताच धावत जात असू. पळसाची आणि सागाची पाने जमिनीवर ओळीने मांडली जात. जितके वाटेकरी तितकी पाने. ज्याचा बार लागला, त्याला मुंडके अधिक मिळे; बाकी सर्वांचे वाटे सारखे. मांडीचे मांस, फऱ्याचे मांस, काळीज, चरबी यांतले थोडे थोडे प्रत्येक पानावर पडलेच पाहिजे, असा दंडक होता. मग एक जण पाठ फिरवून उभा राही. दुसरा एकेका पानाला काठी लावून विचारी, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस एक नाव घेई, आणि ते पान त्या घरचे होई. यात कुरकुरीला जागाच नसे. पुढे मोठेपणी मी अनेक सभा आणि समित्या पाहिल्या. इतका चोख न्याय मात्र क्वचितच पाहिला.

कुत्र्यांचाही वाटा निघे. "आजोबा, कुत्र्याला वेगळा वाटा कशाला?" असे मी एकदा विचारले.

"अरे, आपल्यापेक्षा जास्त तोच धावला ना रानात?" आजोबा म्हणाले.

ज्या घरातून हाक्याला जाणारे कोणी उरले नव्हते, अशा म्हाताऱ्या बाईच्या नावानेही एक पान मांडलेले असे. ते पोहोचविण्याचे काम आम्हां मुलांकडे येई. उरलेले मांस बायका हळदमीठ लावून चुलीवरच्या धुरात सुकवीत. पावसाळ्यात ते उपयोगी पडे.

हे सारे सांगताना आमची पारध निष्पाप होती, असे मात्र मी म्हणणार नाही. हाका वय विचारीत नाही, नर-मादी पाहत नाही. १९७१ च्या फाल्गुनात एक मादी पडली आणि ती सोलताना तिच्या पोटात पाच पिले निघाली. नेहमी गजबजलेली ती जागा एकदम शांत झाली. आजोबांनी स्वतः कुदळ घेऊन नदीकाठी खड्डा खणला. त्या दिवशी वाटणी झाली, पण पानांची नावे हलक्या आवाजात घेतली गेली.

तेव्हा शहरांतून जीपगाड्यांमधून येणारे शिकारीही असत. ते झोतदिव्यांनी जनावराचे डोळे दिपवीत आणि गोळी घालीत. पोटासाठी, पिकासाठी आणि हौसेसाठी झालेल्या शिकारी रानाला वेगवेगळ्या मोजता येत नाहीत. सांबर, भेकर, डुक्कर हे वाघाचे अन्न. ते घटले, की वाघही घटतो. १९७२ च्या गणनेत साऱ्या देशात अठराशेच्या आसपास वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. परवाना काढून काही जनावरे मारण्याची सोय त्यात सुरुवातीला होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. कायदा झाला ते योग्यच झाले, असे माझे मत आहे.

पुढे मी मराठीचा शिक्षक झालो. लीळाचरित्रात एक प्रसंग आहे. पारध्यांनी कुत्री मागे लावलेला एक ससा धावत येऊन श्रीचक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली लपतो. पारधी तो मागतात, पण शरण आलेल्याला स्वामी परत देत नाहीत. हा प्रसंग वर्गात सांगून झाल्यावर रानालगतच्या वाडीतला एक मुलगा उठला.

"सर, ससा शरण आला, म्हणून त्याला वाचवला, ते बरोबर. पण आमच्या नाचणीत डुकरे येतात ती शरण येत नाहीत."

वर्ग हसला. मला हसू आले नाही. त्या मुलाच्या घरची नाचणी त्याच आठवड्यात भुईसपाट झाली होती. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी अधिकाऱ्याची लेखी परवानगी मागता येते, पंचनामा होऊन सरकारकडून भरपाई मिळते, हे मी त्याला समजावून सांगितले आणि त्याच्या वडिलांचा अर्ज शाळेत बसून लिहून दिला. भरपाई मिळाली, पण पेरणी, लावणी आणि जागरणे यांच्या हिशेबाने ती फारच थोडी होती. रान राखल्याचा लाभ साऱ्या देशाला मिळतो, आणि त्याचा खर्च मात्र बांधालगतच्या एका घराच्या पानात पडतो. आजोबांच्या वडाखाली असली वाटणी कोणी मान्य केली नसती.

आज आमच्या गावच्या उतारांवर नाचणी जवळजवळ दिसत नाही. राखण परवडत नाही, म्हणून लोकांनी ती सोडून दिली. तो मुलगा आता चाळिशीला आला आहे. त्याने घराजवळच्या दोन मळ्या तेवढ्या भाताखाली ठेवल्या आहेत. आश्विन लागला, की तो आणि त्याचा मुलगा आळीपाळीने माळ्यावर झोपायला जातात, आणि मध्यरात्री डब्याचा आवाज माझ्या अंगणापर्यंत ऐकू येतो.