मांजऱ्या

दसरा झाला. वेताळ टेकडीवरचं गवत पिवळं पडू लागलं आणि आमचं सेमिस्टर निम्मं सरलं.

माण तालुक्यातून पुण्याला आले तेव्हा भूशास्त्र मी हौसेने घेतलं होतं. पण पहिला दीड महिना वर्गात नुसती लिहून घेत राहिले. फळ्यावरचा इंग्रजी शब्द वहीत उतरायचा, डोक्यात उतरायचा नाही. "कळलं का?" असं मॅडमनी विचारलं की सगळ्यांबरोबर माझीही मान हलायची. पहिल्या इंटर्नलला 20 पैकी 7 मिळाले. त्या रात्री मेसचा डबा तसाच राहिला. आईचा फोन आला, तर तिला म्हणाले, "पेपर बरा गेला." मार्कांपेक्षा ते खोटं जास्त बोचलं.

मग एका प्रॅक्टिकलला मॅडमनी माझ्या तळहातावर एक दगड ठेवला. मूठभर, करडा, अंगभर पांढरे ठिपके. "काय आहे हा?" पाठ केलेलं नाव काही केल्या आठवेना. तोंडातून निघून गेलं, "मांजऱ्या."

हा आजोबांचा शब्द. त्यांची उभी हयात विहिरी खोदण्यात गेली. पहारीच्या आवाजावरून ते थर ओळखायचे. वर मुरूम, मग मांजऱ्या, मधेच गेरूचा तांबडा पट्टा, खाली काळा पाषाण. झिजलेला मांजऱ्या लागला की ते पाण्याची आशा धरायचे. काळ्या पाषाणात मात्र चीर सापडली तरच पाणी, नाहीतर नुसता सुरुंगांचा खर्च.

मॅडम म्हणाल्या, "अजून सांग." मी सांगत गेले. त्या वर्गात मी पहिल्यांदाच इतकं बोलले असेन. मग त्यांनी भिंग दिलं आणि एका ठिपक्यावर सौम्य आम्लाचा थेंब सोडायला लावला. कॅल्साइट असतं तर फसफसलं असतं. थेंब तसाच राहिला. हा झिओलाइट होता. भिंगाखाली त्या ठिपक्याच्या आत सुयांसारखे बारीक स्फटिक मध्यापासून बाहेर फाकलेले दिसले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपत्या पाण्यातल्या खनिजांनी त्या भरत आणल्या. अशा भरलेल्या पोकळीला पुस्तकात 'अमिग्डेल' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बदाम.

बदाम! म्हणजे तिथेही कुणीतरी दगड हातात घेऊन, ओळखीचं काहीतरी आठवून, नाव ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी शब्दांच्या मागेच लागले. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप आला तो स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून. सह्याद्रीचे कडे ज्याने पाहिलेत त्याला हे लगेच पटेल. लाव्हाच्या प्रवाहांची 'पाहोएहोए' आणि 'आ' ही नावं तर हवाई बेटांवरच्या लोकांच्या भाषेतली. आज जगभरचे भूशास्त्रज्ञ तीच वापरतात. ज्ञान दुसऱ्याच्या घरी आहे आणि तिथे जायचं तर आपलं घर मागे टाकावं लागणार, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती.

आता वहीच्या डाव्या पानावर आजोबांचे शब्द असतात आणि उजव्या पानावर पुस्तकातले. कळलं नाही की हात वर करते. आवाज अजून कापतो. स्फटिकशास्त्र अजून जड जातं.

आईला खरे मार्क सांगून टाकले. क्षणभर ती गप्प राहिली, मग म्हणाली, "पहिल्याच परसाला पाणी लागतंय व्हय?"

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना घेऊन आमच्या विहिरीच्या काठावर बसणार आहे आणि एकेक थर त्याच्या नावासकट वहीत उतरवून घेणार आहे. आजोबा आता 81 वर्षांचे आहेत. तुमच्या गावातही विहिरी खोदलेलं कुणी म्हातारं माणूस असेल. त्यांना दगडांची नावं विचारा, लिहून घ्या. या दिवाळीतच घ्या.