कपाटाबाहेरची पुस्तकं

मुलांसाठी पुस्तक घ्यायचं असलं की मी ते मधेच कुठेतरी उघडते आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचते. दुकानात असो, प्रदर्शनात असो. शेजारची माणसं वळून बघतात, बघू देत. डोळ्यांना गुळगुळीत वाटलेली वाक्यं जिभेवर आली की अडखळतात, हे वर्गात वाचूनच कळतं. नंतर शेवटचं पान. तिथे ‘तात्पर्य’ असा ठळक शब्द दिसला की पुस्तक परत जागेवर. मग चित्रं, अक्षरांचा आकार आणि सगळ्यात शेवटी बांधणी. मध्यभागी पिना मारलेलं पातळ पुस्तक दप्तरात, पावसात, चुलीजवळ बरेच दिवस तगतं. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं जाडजूड पुस्तक पहिल्या उन्हाळ्यातच पानं सोडतं. परीक्षणात हे कोणी लिहीत नाही, पण शाळेला पुस्तक घेताना ते बघावंच लागतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर बारामतीत. नोकरीची पहिली वर्षं तालुक्याच्या जिरायती भागात, सुप्याकडे गेली. बदली झाली ती इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या बाजूला. बाहेरच्याला बारामती-इंदापूर म्हणजे सगळा ऊसच वाटतो. पण सुप्याकडची मुलं टँकरच्या पाण्यावर वाढलेली, मेंढरांमागे फिरलेली. आणि इकडची मुलं होडी, जाळी, भिगवणचा मासळीबाजार आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी बघत मोठी झालेली. एकच पुस्तक या दोन्हीकडे वाचलं तर दोन वेगळी पुस्तकं वाचल्यासारखं होतं.

सुप्याकडच्या शाळेत मी एकदा लांडग्याची गोष्ट वाचत होते. परदेशी गोष्टीचं मराठी रूपांतर, चित्रं देखणी, मेंढ्या पांढऱ्याशुभ्र आणि कापसासारख्या फुगलेल्या. मयूरेश्वर अभयारण्य जवळच, त्यामुळे चिंकारा पाहिलेली मुलं वर्गात होती आणि लांडगाही ऐकीव नव्हता. धनगराच्या घरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडायचा नाही, तो उठून पुस्तकाजवळ आला. मेंढ्यांना वाघर का लावली नाही, असं त्याने विचारलं. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. कुत्री कुठं आहेत? राखणीला माणूस कुठं आहे? एकटी मेंढी माळावर गेलीच कशी? त्याच्या मते गोष्टीतला लांडगा दुष्ट नव्हता, मेंढ्यांचा मालक बिनकामाचा होता. मग काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं त्यावर बोलणं गेलं, आपल्या मेंढ्या काळ्या-तपकिरी आणि काटक का असतात त्यावर गेलं, आणि तास संपला तरी गोष्ट अर्धीच राहिली.

हे ऐकून सहकारी म्हणाले, बघा, मुलांना त्यांच्याच परिसरातली पुस्तकं द्यायला हवीत. मला ते पूर्ण पटलेलं नाही. त्याच मुलांनी बर्फातल्या अस्वलाचं पुस्तक पुन्हापुन्हा मागून घेतलं होतं. बर्फ त्यांनी पाहिला होता तो रसवंतीच्या लाकडी खोक्यात. पुस्तकात आपलं गाव असलं तर बरंच, पण नसलं तरी चालतं. मुलाला त्या पुस्तकाशी भांडता आलं पाहिजे. ज्या पुस्तकात सगळं आधीच बरोबर असतं आणि मुलाला मान डोलवण्यापलीकडे काम उरत नाही, ते कितीही सुंदर छापलेलं असो, कपाटात नवंच्या नवं राहतं.

पहिली-दुसरीसाठी माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांवर माझा भरवसा आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेला ‘राधाचं घर’ हा छोट्या पुस्तकांचा संच आमच्याकडे आता तिसऱ्या पिढीच्या हाती आहे. शाळेत पिढी दोन-तीन वर्षांची असते. राधा आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते, बस, एवढंच. उपदेश नाही, चमत्कार नाही. चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्दांनी सोडलेलं चित्र सांगतं. राधा शहरातली आहे हे मुलांच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं, आणि ‘हिच्या घरात एवढीच माणसं?’ हा प्रश्न दर वर्षी येतो. मग फळ्यावर आपापल्या घरातली माणसं मोजायची. चुलते, आत्या, वारीच्या दिवसांत मुक्कामाला येणारे पाहुणे, कोणाची बांधलेली म्हैस. लिहायला शिकवण्याचा माझा अर्धा अभ्यासक्रम त्यातून निघतो.

थोड्या मोठ्या मुलांसाठी पुरंदऱ्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ आहे. त्यात बालगट आणि कुमारगट वेगळे, आणि जुन्या-नव्या मराठीतले उतारे चित्रकारांच्या चित्रांसोबत. ते घरी द्यायचं पुस्तक नाही, वर्गात शिक्षकाने उघडायचं आहे. जुन्या मराठीला मुलं घाबरतात हा मोठ्यांचा समज आहे. बारामती मोरोपंतांची. पंतांनी अनेक रामायणं लिहिली, त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ न मिटता म्हणता येणारं. हे सांगितल्यावर आमच्या पाचवीने प, फ, ब, भ, म टाळून बोलायचा खेळ सुरू केला. पहिल्याच मिनिटाला लक्षात आलं की बारामतीलाही जाता येत नाही आणि इंदापूरलाही. दौंडला जाता येतं.

नीरा ओलांडून पलीकडे गेलं की फलटण. मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी 1984 मध्ये तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. त्यांच्या वाचनपद्धतीत सगळी मुळाक्षरं संपण्याची वाट बघत बसत नाहीत. मोजकी अक्षरं आली की त्यांतूनच बनणारे अर्थपूर्ण शब्द वाचायला देतात. यातून मी पुस्तकनिवडीसाठी एक गोष्ट उचलली. वाचायला येऊ लागलेल्या मुलाच्या हातात द्यायचं पुस्तक आणि त्याला वाचून दाखवायचं पुस्तक ही दोन वेगळी पुस्तकं असतात. पहिल्यात जोडाक्षरं कमी, ओळी आखूड. दुसऱ्यात कितीही अवघड शब्द असू देत, आवाज त्यांना ओढून नेतो. प्रथम बुक्सची पुस्तकं पायऱ्यांनुसार असतात ती पहिल्या कामाला उपयोगी पडतात. त्यांच्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी मोकळ्या परवान्याच्या असल्यामुळे छापून भिंतीवरही लावता येतात. दुसऱ्या कामाला माझं लाडकं पुस्तक राष्ट्रीय पुस्तक न्यासाचं ‘तोत्तोचान’. आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा ऐकून एका मुलीने बारामती स्टेशनवर रिकामा डबा मिळेल का, याची चौकशी वडिलांकडे लावून दिली होती.

पुस्तक घरी जातं तेव्हा निवडीचं गणित बदलतं. घरी ऐकणारे कोण कोण आहेत, हे शिक्षकाला ठाऊक असावं लागतं. माझ्याच घरचं सांगते. सासऱ्यांनी नवनाथांची पोथी आयुष्यभर मोठ्याने वाचली. ती वाचताना घरातली भांडीसुद्धा हळू वाजायची. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी काम करता करता ऐकायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. कुटुंबाने एकत्र वाचावं हे कोणी नव्याने शिकवायला नको. मी मुलीला रात्री गोष्ट वाचायला लागले तेव्हा सासूबाई निवडलेल्या मेथीचं ताट बाजूला सारून ऐकत बसायच्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण गोष्टीची पारख कडक. एका बक्षीसपात्र पुस्तकाबद्दल त्यांचा शेरा होता, ‘यात काही होतच न्हाई की गं.’ तेव्हापासून घरी न्यायच्या पुस्तकात काहीतरी घडलंच पाहिजे आणि चित्र इतकं मोठं पाहिजे की न वाचणाऱ्या आजीलाही मधे बोलता यावं. आजी मधे बोलली की वाचन लांबतं आणि नातवाला ते हवंच असतं.

दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बहुतेक बीड-नगरकडून. फडाजवळ कोप्या पडतात. त्यांची मुलं शाळेत येतात, काही रोज, काही धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, काही मधेच गायब. या मुलांना पुस्तक घरी द्यावं की नाही, यावर एका शाळेत मोठा वाद झाला होता. टोळी एका रात्रीत उठते, पुस्तक जातं, नोंदवहीत कमी दिसतं, उत्तर कोण देणार? माझं मत तेव्हाही हेच होतं की पुस्तक जाऊ द्यावं. पहाटे अंधारात फडात जाणाऱ्या आईला वाचायला वेळ नसतो हे खरं, पण मोठी बहीण धाकट्याला वाचून दाखवते, मोबाईलच्या उजेडात, बाहेर भाकरी होईपर्यंत. परत आलेल्या एका पुस्तकाच्या पानावर राखेचा अंगठा होता आणि मधल्या दोन पानांत पाचटाचा तुकडा खुणेसाठी ठेवलेला. या मुलांसाठी मी एक बघते: गोष्ट एका बसण्यात संपणारी हवी, कारण उद्याचा भरवसा नाही. जी पुस्तकं टोळीबरोबर गेली ती कुठल्यातरी दुसऱ्या फडावर वाचली जात असतील असं मी धरून चालते. जीर्ण म्हणून निर्लेखित करायच्या पुस्तकांपेक्षा ही हरवलेली पुस्तकं मला कमी टोचतात.

सातवीच्या वर्गासाठी गेल्या काही वर्षांत सर्वांत मोलाचं ठरलं ते ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’. पानशेतच्या परिसरातलं बालपण आणि धरणापायी सुटलेलं गाव त्यात आहे. 2017 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. उजनीकाठच्या वर्गात हे पुस्तक वाचायला घेताना मी थोडी बिचकले होते, कारण इथल्या प्रत्येक तिसऱ्या घरात कोणीतरी धरणग्रस्त आहे. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा मुलांना तिथे फोटो काढायला नेतात. पुस्तक निम्मं झालं आणि मुलं घरून गोष्टी आणायला लागली. आजोबांच्या जुन्या विहिरीची जागा, बैल नेताना काय झालं, नव्या गावठाणात पहिल्या वर्षी कोणाची चूल कुठे मांडली. एक आजोबा काठी टेकत स्वतःच वर्गात आले, पुस्तक हातात घेतलं, मलपृष्ठ बघितलं आणि विचारलं, ‘ह्यांची जमीन मिळाली का त्यांना?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी मग स्वतःचं सांगितलं, चांगला तासभर. परीक्षेच्या उजळणीचा तास होता तो, गेला.

पैशाचं म्हणाल तर शासनाचं अनुदान, शाळा व्यवस्थापन समिती आणि वाढदिवस. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी शाळेला पुस्तक, ही कल्पना सगळीकडे रूढ झाली आहे. अडचण एवढीच की पालक स्टेशनरीच्या दुकानातून जे मिळेल ते आणतात, आणि 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास तर अब्दुल कलामांच्या त्याच त्या चरित्राची रांग लागते. कलामसाहेबांबद्दल आदर आहेच, पण एका कपाटात एका माणसाची किती चरित्रं ठेवणार? आता मी जूनमध्येच यादी करते आणि शाळेच्या दारावर लावते. कोणी एक घ्यावं, नाव खोडावं. किंवा ‘किशोर’ची वर्गणी भरावी, बालभारतीने 1971 मध्ये सुरू केलेलं हे मासिक अजूनही खेड्यातल्या मुलाच्या खिशाला परवडतं आणि त्याचे जुने अंक मोबाईलवरही वाचता येतात. यादीतलं जे उरतं ते मी पुण्याला अप्पा बळवंत चौकातून आणते, नाहीतर 2023 पासून डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर भरणाऱ्या पुस्तक महोत्सवातून. यादी करताना मुलांनाही विचारते. मुलांच्या निवडीत फास्टर फेणे अजून टिकून आहे; त्याचं गाव फुरसुंगी पुण्याच्या रस्त्यावरच लागतं, त्यामुळे हा बन्या त्यांना जवळचाच वाटतो.

यंदाच्या यादीवर मात्र पेच आहे. मुलांनी एकमताने भुताच्या गोष्टी मागितल्या आहेत. मुख्याध्यापकांना ते मान्य नाही, एक-दोन पालकही कुरकुरले. मधला मार्ग म्हणून राजीव तांबे यांचं ‘प्रेमळ भूत’ आणलं. चौथीने ते हसत हसत फस्त केलं. सातवीच्या मुलींनी दोन दिवसांत परत केलं आणि तक्रार केली की हे भूत घाबरवतच नाही. त्यांचं म्हणणं रास्त आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांतल्या कुठल्या त्यांना झेपतील हे ठरवायला सध्या मी रात्री त्या वाचते आहे, आणि मुलगी विचारते, आज मोठ्याने का नाही वाचत?