हरलेल्यांची राजवट

इतिहास एकदाच घडतो. तो पुन्हा घडवून पाहता येत नाही. तरीही 'असे झाले असते तर' हा प्रश्न माणसाच्या मनातून जात नाही. पानिपताचा विषय निघाला की मराठी माणूस हमखास जर-तरच्या वाटेला लागतो. डॉ. जयंत नारळीकरांनी तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेत हाच प्रश्न नायकापुढे उभा केला. विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी किंचित चुकली आणि त्यामुळे सगळा पुढचा इतिहास बदलला, अशी ती कल्पना आहे. राज्यांच्या बाबतीत ही कल्पना कल्पनाच राहते. खेळाचा इतिहास मात्र आकड्यांत नोंदलेला असतो. म्हणून तो, निदान कागदावर, पुन्हा खेळून पाहता येतो.

अमेरिकेत या छंदाला मोठी परंपरा आहे. १९६१ साली हॅल रिचमन यांनी 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा बेसबॉलचा खेळ बाजारात आणला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूच्या नावाचा एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरचे आकडे त्याच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून काढलेले असतात. फासे टाकायचे, पत्ता पाहायचा आणि निकाल नोंदवायचा. पुढे हे काम संगणकाकडे गेले. १९९९ साली आलेल्या 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या संगणकीय खेळात शंभर वर्षांचा पर्यायी इतिहास घरबसल्या घडवता येतो. असा इतिहास घडवणाऱ्यांना सर्वांत अधिक कुतूहल असते ते राजवटींचे. एखादा संघ वर्षानुवर्षे अजिंक्य राहतो, तेव्हा त्याच्या त्या काळाला मी राजवट म्हणतो. राजवट गुणांनी उभी राहते की नशिबाने, हाच या छंदाचा मूळ प्रश्न आहे.

माझ्याजवळ संगणक नव्हता, तेव्हापासून मला हा छंद आहे. एक जाड वही, दोन फासे आणि रणजी करंडक स्पर्धेच्या जुन्या निकालांची यादी एवढेच माझे साहित्य. रणजी स्पर्धा निवडण्याचे कारण उघड आहे. भारतीय क्रिकेटमधील सर्वांत दीर्घ राजवट तिथे नांदली. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे हा करंडक मुंबईच्या संघाकडे राहिला. या काळात पॉली उम्रीगर गेले, अजित वाडेकर आले, सुनील गावसकर आले. खेळाडूंची पिढी बदलली, पण करंडकावरील नाव बदलले नाही.

वहीतला नियम साधा आहे. दोन फाशांच्या बेरजा छत्तीस प्रकारांनी येतात. त्यांपैकी चार किंवा चारपेक्षा कमी बेरीज फक्त सहा प्रकारांनी येते. तेवढी बेरीज आली तर बलवान संघ हरला, एरवी तो जिंकला, असे मी धरतो. म्हणजे बलवान संघाला सहापैकी पाच वेळा यश. हे प्रमाण पुष्कळच उदार आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु हिशेब करून पाहिला की आश्चर्य वाटते. दरवर्षी केवळ अंतिम सामन्याचाच विचार केला, तरी इतका बलवान संघ सलग पंधरा वर्षे जिंकण्याची शक्यता पंधरात एक एवढीच उरते. उपांत्य सामनाही धरला तर ती सुमारे दोनशे चाळीसांत एक होते. माझ्या वहीत मुंबईची साखळी कधी चौथ्या वर्षी तुटली, कधी नवव्या. पंधराव्या वर्षापर्यंत ती एकदाही पोहोचली नाही.

यातून फाशांनी मला एक गोष्ट शिकवली. मुंबईची राजवट निव्वळ नशिबाने टिकली नव्हती. सलग पंधरा विजय हाती येण्यासाठी सहापैकी पाच हे प्रमाणही अपुरे पडते, याचा अर्थ तो संघ त्याहून कितीतरी बलवान असला पाहिजे. त्या बळाचे मूळ मैदानावर सापडते. मुंबईत शाळकरी मुले हॅरिस आणि जाइल्स ढालीसाठी झुंजत. मोठेपणी तीच मुले कचेऱ्यांच्या संघांतून खेळत. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग स्पर्धा तर ऐन पावसाळ्यात होते. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळेल आणि कधी घसरेल याचा नेम नसतो. अशा मैदानावर तरलेला फलंदाज पुढे कुठेही उभा राहतो. १९७०-७१ साली वाडेकर, गावसकर, मडगावचे दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर हे सारे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईकरांनी अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून करंडक राखला. पद्माकर शिवलकरांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. पण १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी तमिळनाडूचे आठ गडी अवघ्या सोळा धावांत बाद केले. ज्या संघाच्या राखीव फळीत असे गोलंदाज असतात, त्याची राजवट फाशांच्या हिशेबात मावत नाही.

वहीने शिकवलेली दुसरी गोष्ट मात्र मला एका माणसामुळे उमगली.

१९९० नंतरची काही वर्षे मी नोकरीनिमित्त जयपूरला होतो. आमच्या कचेरीतले बडे बाबू निवृत्तीला आले होते. तरुणपणी त्यांनी राजस्थानच्या संघाचे सामने डोळे भरून पाहिले होते. मधल्या सुट्टीत मी वही उघडली की ते खुर्ची ओढून शेजारी बसत. मुंबईच्या राजवटीचा इतिहास मी मुंबईच्या बाजूने पाहत असे. ते तोच इतिहास समोरच्या तंबूतून पाहत. १९६०-६१ ते १९७३-७४ या चौदा हंगामांत राजस्थानचा संघ आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि आठही वेळा हरला. त्यांपैकी सात पराभव मुंबईकडून झाले होते. हनुमंत सिंग, सलीम दुराणी, राजसिंह डुंगरपूर अशी माणसे त्या संघात होती. मुंबईत घडलेले विजय मांजरेकरही काही वर्षे त्याच संघाकडून खेळले. बडे बाबूंना ही नावे देवादिकांच्या नावांसारखी पाठ होती.

एके दिवशी ते संकोचाने म्हणाले, "साहेब, वही तुमची, फासे तुमचे. एकदा तरी आमच्या राजस्थानला जिंकवा ना!"

मी म्हणालो, "बाबूजी, फासा मी हाताने वळवला तर वही खोटी होईल. मग मुंबईच्या विजयालाही अर्थ राहणार नाही."

त्यांनी मान डोलावली. पुन्हा कधी तसा आग्रह धरला नाही. पण मी फासे टाकीत असताना ते त्यांवरून नजर काढीत नसत. आणि मग एका दुपारी, वहीतल्या १९६५-६६ च्या अंतिम सामन्यासाठी मी फासे टाकले. एकावर एक आला, दुसऱ्यावर दोन. बेरीज तीन. राजस्थान जिंकला होता, कोणी न वळवता, नियमाप्रमाणे.

मला वाटले, ते आनंदाने उठून उभे राहतील. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "जिंकले खरे. पण यात दुराणी कुठे आहे? त्याचा षटकार कुठे आहे? लोकांचा गलका कुठे आहे? हा विजय मी पाहिलेला नाही, साहेब. तो पराभव मात्र मी पाहिला आहे. बदल्यात हा घेऊन मी तो देणार नाही."

त्या दिवसापासून हरलेल्या संघाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. फाशांचाच हिशेब उलट बाजूने मांडून पाहिला. एखाद्या संघाने चौदा हंगामांत आठ वेळा अंतिम सामना गाठणे हे काही सहज घडणारे काम नाही. त्यासाठी विभागातले सगळे प्रतिस्पर्धी आधी मागे टाकावे लागतात, बाद फेरीत टिकावे लागते, आणि एकदा हरल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. ही सुद्धा एक राजवटच होती. तिला केवळ नाव मिळाले नाही, कारण विजेत्यांच्या यादीत दरवर्षी एकाच नावाला जागा असते.

अशीच एक अनाम राजवट अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सापडते. बॉस्टन सेल्टिक्स या संघाने १९५७ ते १९६९ या तेरा वर्षांत अकरा अजिंक्यपदे मिळवली. त्यांपैकी १९५९ ते १९६६ ही आठ सलग होती. या राजवटीचा आधारस्तंभ होता बिल रसेल. पर्यायी इतिहास रचणाऱ्यांचे तो आवडते वळण आहे. कारण १९५६ च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत रॉचेस्टरच्या संघाने त्याला डावलून दुसराच खेळाडू घेतला, आणि पुढचा क्रमांक ज्याचा होता त्या सेंट लुईच्या संघाने दोन खेळाडूंच्या मोबदल्यात त्याच्यावरचा हक्क बॉस्टनला देऊन टाकला. त्या दिवशी हा व्यवहार झाला नसता तर कदाचित राजवट दुसऱ्याच शहरात नांदली असती.

आणि समोर कोण होते? लेकर्स. १९५९ पासून १९६९ पर्यंत हा संघ अंतिम फेरीत बॉस्टनकडून सात वेळा हरला. राजस्थान मुंबईकडून हरला, नेमके तितक्याच वेळा! १९६२ च्या निर्णायक सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी गुण समसमान होते. लेकर्सच्या फ्रँक सेल्व्हीने चेंडू फेकला. तो जाळीत पडला असता तर अजिंक्यपद त्यांचे होते. चेंडू कडेला लागून बाहेर आला आणि वाढीव वेळेत बॉस्टन तीन गुणांनी जिंकले. विश्वासरावांच्या गोळीसारखेच हे बोटभर अंतर. दीर्घ राजवट नशिबाने टिकत नाही हे जितके खरे, तितकेच एखादा सामना नशिबाने फिरतो हेही खरे. पंधरा वर्षांचा निवाडा गुण करतात. एका दिवसाचा निवाडा कधीकधी चेंडूच करतो.

१९६९ साली लेकर्स पुन्हा हरले, तेव्हा अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला देण्यात आला. त्या वर्षी हा मान प्रथमच दिला जात होता. तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, त्या हंगामात सलग तेहतीस सामने जिंकून लेकर्स अखेर अजिंक्य ठरले.

राजस्थानला अधिक वाट पाहावी लागली. मुंबईची साखळी १९७३-७४ साली उपांत्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावाच्या आघाडीवर तोडली, तेव्हा अंतिम सामन्यात समोर राजस्थानच होता. पण त्या वेळीही तो हरला. त्यानंतर एक संपूर्ण पिढी गेली. २०१०-११ च्या हंगामात राजस्थान खालच्या, प्लेट गटात खेळत होता. तिथून वर येऊन त्याने उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला मागे टाकले आणि अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. त्या संघाचा कर्णधार पुण्याचा हृषीकेश कानिटकर होता. एकेकाळी मांजरेकर ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने गेलेला हा आणखी एक मराठी खेळाडू. पुढच्या वर्षीही करंडक राजस्थानकडेच राहिला.

हा विजय वहीत कोणत्याही फाशांनी घडवलेला नव्हता. तो उन्हात, घामाने, चेंडूमागून चेंडू टाकून घडला. कागदावरचा पर्यायी इतिहास आपल्याला मोजमाप देतो. कोण किती बलवान होता, कुठे नशीब आडवे आले, हे तो सांगतो. पण त्यात दुराणींचा षटकार नसतो आणि मैदानावरचा गलकाही नसतो. जे घडले ते पराभवाच्या रूपाने का होईना, माणसाचे स्वतःचे असते. हरलेल्या वर्षी जो पुन्हा सरावाला येतो त्याची नोंद कुठल्याही करंडकावर कोरली जात नाही, तरी पुढचा विजय त्याच नोंदीवर उभा असतो.

माझ्या वहीत आता प्रत्येक हंगामासाठी दोन रकाने आहेत. एकात विजेत्याचे नाव लिहितो, दुसऱ्यात उपविजेत्याचे. दुसरा रकाना मी आधी भरतो.