वडिलांची पेटी

हौस जरूर असावी; पण हौसेला शंभर बटणे असू नयेत, असे माझे अलीकडे मत झाले आहे. मुलगा पुण्याहून आला की माझ्यासाठी काही ना काही घेऊन येतो. चार वर्षांपूर्वी त्याने विजेवर चालणारा कीबोर्ड आणला. त्यात सनई होती, सतार होती, व्हायोलिन होते. इतकेच काय, पावसाचा आवाजसुद्धा होता! आम्हां जालन्याकडच्या माणसांना पावसाचे भारी अप्रूप. पहिले आठ दिवस मी नुसता पाऊसच पाडला. पुढे सनई घ्यावी की सतार, हे ठरवण्यातच संध्याकाळ सरू लागली आणि वाजवणे बाजूलाच राहिले.

वडिलांची पेटी माळ्यावर होती. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली. भात्याचे कातडे एका कोपऱ्यात सुटले होते, काळी चार मुकी झाली होती. एका जाणत्या कारागिराने चार दिवसांत तिला बोलती केली.

तसे पाहिले तर ही पेटी मूळची आपली नव्हे. पॅरिसच्या देबँ नावाच्या गृहस्थाने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. तिचा भाता पायांनी हलवायचा. आपण पडलो जमिनीवर मांडी घालून बसणारे! मग कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिची हातपेटी केली. डावा हात भात्याला गेला, वाजवायला एकटा उजवा उरला. पण आपल्या गाण्याला एका वेळी एकच सूर पुरतो. तेव्हा कुणाचेच काही अडले नाही.

बिचारीने अपमानही पुष्कळ सोसले. हिला मींड घेता येत नाही, हिच्यात श्रुती नाहीत, म्हणून १९४० साली रेडिओने तिला दाराबाहेर काढले. ते दार किलकिले झाले १९७१ साली! आक्षेप काही खोटा नव्हता. पण त्या तीस-एकतीस वर्षांत आमच्या अंबड-घनसावंगीकडच्या देवळांतून तिला कोणी उठवले नाही. समर्थांचे जांब याच मुलखातले. इथे कीर्तन म्हटले की टाळ-मृदंगाच्या शेजारी पेटी हवीच. आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने भास्करबुवा बखल्यांच्या साथीला जी पेटी घेतली, तिला परकी तरी कसे म्हणावे?

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. सत्तरी उलटल्यापासून मला कमी ऐकू येते. कानात यंत्र आहे. सूनबाई ‘चहा घ्या’ म्हणतात ते त्यातून स्वच्छ कळते. पण गाणे लागले की पत्र्यावर खडे ओतावेत तसे वाटते. कीबोर्डाचे सूर तर स्पीकरच्या यंत्रातून निघून माझ्या कानाच्या यंत्रात शिरायचे. जन्मभर गुरुवारच्या भजनाला बसलेला मी माणूस. आपले गाणे संपले, असे मनाशी धरून चाललो होतो.

दुरुस्त झालेल्या पेटीपुढे बसलो, तेव्हा कानातले यंत्र काढून ठेवले. भाता मारला आणि सा दाबला. आवाज आला तो नदीपलीकडून आल्यासारखा. पण डाव्या तळव्याला काहीतरी कळले. लाकूड थरथरत होते! गुडघा पेटीला टेकला होता. त्यातूनही सूर वर चढला. भात्यातली हवा पितळेच्या पातळ जिभेला हलवते आणि त्या जिभेची थरथर साऱ्या लाकडात उतरते. लहानपणापासून ही गोष्ट मला ठाऊक होती. हाताला मात्र ती त्या दिवशी पहिल्यांदा उमगली. खालच्या सप्तकातले सूर तर मला कानांपेक्षा हातांनीच अधिक स्पष्ट ऐकू आले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पेटी घेऊन बसतो. येतात किती, तर चार भजने आणि एक भूप. पाच सुरांचा राग. आखडलेल्या बोटांनाही झेपतो. भाता जोराने दाबावा तर सूर फुगतो, हलके दाबावा तर बारीक होतो, हात थांबला की सूरही थांबतो. माझा दम असेल तेवढेच गाणे. निवडायला दुसरे काही नाही, म्हणून वाजवायला भरपूर वेळ मिळतो. आणि कुणाला ऐकवायचे नाही, म्हणून चुकायला भीती नाही.

परवा आठ वर्षांचा नातू म्हणाला, “आजोबा, तुम्हांला तर ऐकू येत नाही. मग वाजवता कसे?”

मी त्याचा हात पेटीच्या पाठीवर ठेवला आणि भाता मारला. त्याचे डोळे मोठे झाले. मग त्याने दोन्ही कानांत बोटे घातली, गाल लाकडाला टेकवला आणि बराच वेळ तसाच राहिला. मी हात थांबवला, तशी मान न उचलताच तो म्हणाला, “अजून.”