गणिताचं उत्तर अकरा, रस्त्याचं उत्तर शून्य



गेल्या काही वर्षांत बऱ्याच ग्रामपंचायतींकडे बॅटरीवर चालणारी घंटागाडी आली आहे. धूर नाही, डिझेलचा खर्च नाही आणि आवाज तर जवळजवळ नाहीच. तीन चाकं, पुढे चालकाची सीट, मागे ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे कप्पे. मुलांना ही गाडी खेळण्यासारखी वाटते. म्हणूनच तिच्याबद्दल वर्गात बोललं पाहिजे. आमच्या शाळेत हे बोलणं कसं सुरू झालं ते सांगते.

आमच्या गावची घंटागाडी बचत गटातल्या एक ताई चालवतात. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धेच्या दिवशी चौथीची अकरा मुलं मैदानावर न्यायची होती. मैदान चार किलोमीटरवर. ठरवलेली गाडी ऐन वेळी आलीच नाही. एका पालकांनी सुचवलं, "घंटागाडी धुऊन घ्या की, अकरा पोरं सहज मावतील. एका दिवसानं काय होतंय?"

ताई म्हणाल्या, "मागं माणूस बसवणार नाही, दादा. मालाची गाडी आहे ही."

आणखी दोघातिघांनी आग्रह केला. "गाडी पंचायतीची आहे, तुमची नाही," असंही कुणी बोललं. ताई हलल्या नाहीत. शेवटी आम्ही एसटीने गेलो. पोचेपर्यंत लंगडीचा आमचा सामना पुकारून झाला होता. मुलं न खेळताच बाद.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळा राग ताईंवर. एक मुलगी म्हणाली, "बाई, काकू कचरा नेतात, पण आम्हाला नाही नेत." या वाक्याला माझ्याकडून नुसतं समजावणीचं उत्तर पुरलं नसतं. मी ताईंनाच शनिवारी वर्गात बोलावलं. येताना गाडीची कागदपत्रं आणा म्हटलं.

कागदावर होतं 'ई-कार्ट'. नियमाप्रमाणे ई-कार्टमध्ये जास्तीत जास्त ३१० किलो माल न्यायचा आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नाही. मग आम्ही आरोग्य तपासणीच्या कार्डांवरून मुलांची वजनं काढली. सरासरी आली २६ किलो. फळ्यावर भागाकार मांडला. ३१० भागिले २६, भागाकार ११, बाकी २४.

वर्गात एकच गलका. "म्हणजे आम्ही बसलो असतो की, बाई!"

ताई हसल्या आणि म्हणाल्या, "पोतं वळणावर घाबरतं का? ते उठून उभं राहतं का?"

मग आम्ही एक प्रयोग केला, तुम्हीही करू शकता. तीन चाकांची खेळण्यातली गाडी घेतली. आधी तिच्यात वाळूची पिशवी पसरून ठेवली आणि दोरीने ओढत वळवली. गाडी नीट वळली. मग पिशवी काढून पाण्याने भरलेल्या बाटल्या उभ्या ठेवल्या, वजन तेवढंच. त्याच वळणावर बाटल्या एका बाजूला कलल्या आणि गाडी आडवी झाली. कारण मुलांनीच शोधलं. पसरलेल्या मालाचं वजन खाली, जमिनीजवळ राहतं. उभ्या माणसांचं वजन वर जातं आणि वळणावर सगळे एकाच अंगाला झुकतात. त्यात पुढे चाक एकच. शिवाय मागे सीट नाही, धरायला दांडा नाही. करकचून ब्रेक लागला तर मूल थेट बाहेर.

फळ्यावर ११ च्या शेजारी मी ० लिहिलं. गणिताचं उत्तर अकरा, पण मालाच्या गाडीत माणसं किती, याचं उत्तर शून्य. प्रवाशांसाठी ई-रिक्षा वेगळी असते. तिच्यातही चालक सोडून चारच प्रवासी आणि सामान एकूण ४० किलो. ही गाडी चालवायला परवाना लागतो आणि त्यासाठी किमान दहा दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, हेही मुलांना त्या दिवशी कळलं. "काकू पण शाळेत गेल्या होत्या!" या गोष्टीचं त्यांना फार कौतुक वाटलं.

ताईंनी त्यांची रोजची पद्धत सांगितली. मुलांनी ती वहीत अशी उतरवली:

१. निघण्याआधी ब्रेक, टायर, हॉर्न, दिवे आणि बॅटरीचं चार्जिंग बघायचं.
२. गाडीवरून उतरताना किल्ली काढून खिशात ठेवायची, हँडब्रेक लावायचा. उतार असेल तर चाकाला दगड. (किल्ली चालू राहिली तर इंजिनचा आवाज नसल्याने कळतच नाही. कुणी मूठ पिळली की गाडी निघाली!)
३. मागे घेताना आधी उतरून मागे बघायचं. गाणं बंद असेल तर हॉर्न वाजवायचा.
४. वळण, उतार आणि शाळेसमोर वेग माणसाच्या चालीइतका.
५. चार्जिंग मोकळ्या हवेत, कोरड्या हातांनी, कंपनीच्याच चार्जरने. ॲसिडच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जवळ बिडी-काडी नाही.
६. ओढ्याला पाणी आलं असेल तर गाडी अलीकडेच थांबवायची.

मुलांनी स्वतःसाठीही तीन नियम केले. गाडीला मागून लटकायचं नाही. उभ्या गाडीच्या मुठीला हात लावायचा नाही. आणि रस्ता ओलांडताना कानावर विसंबायचं नाही, दोन्हीकडे मान वळवून बघायचं. हा तिसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "गाडीचा आवाज आला की बाजूला हो" असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. आता गाडी आवाज न करताही येते.

शिक्षक मित्रांनो, वाहतुकीचा पाठ घेताना तुमच्या गावचा चालक एकदा वर्गात आणा. त्यांना रस्ता पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतो.

आणि पालकहो, एक विनंती. चालक "नाही" म्हणाला, तर मुलांसमोर त्याच्याशी हुज्जत घालू नका. गाडी चालवायला शिकणं दहा दिवसांत होतं. चार माणसं आग्रह करत असताना "नाही" म्हणायला शिकणं जास्त अवघड आहे, आणि ते मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात. तुम्ही फक्त एवढं म्हणा, "बरोबर आहे ताई, आम्ही दुसरी सोय बघतो."