खिचडीतली हळद कुठली?

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ. तिथून वाट थोडी वाकडी करून सिद्धेश्वरला जाणारे थोडे. पूर्णा नदीवरचे हे धरण 1968 साली पुरे झाले. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीला वीज करून सोडलेले पाणी इथे अडते आणि कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेडच्या रानांत जाते. कालव्याखाली हळद, ऊस, गहू; पाणी न पोचणाऱ्या माळावर सोयाबीन, कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी.

अशा मुलखात शाळेत दुपारी काय शिजते ते पाहावे. 1995 पासून मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले. ज्वारीच्या मुलखातली पोरे तांदळाची खिचडी खाऊ लागली, आणि आवडीने खातात हेही खरे.

तांदूळ सरकारी गोदामाचा. डाळ, तेल, मसाला ठेकेदाराच्या गाडीतून उतरतो. शाळेच्या हाती येतो तो भाजीपाल्याचा आणि सरपणाचा पैसा. म्हणजे तूर शिवारातून बाजारात जाते आणि डाळ होऊन पोत्यातून परत येते. मधला नफा वाटेतच उतरतो. हळदीचेही तसेच. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण शेजारच्या शाळेत ती पुडीतूनच यायची!

हिशेब मोठा नाही. प्राथमिकच्या मुलामागे रोज 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी. शंभर मुलांच्या शाळेला दोनशे दिवसांत चार क्विंटल डाळ लागते. एक-दीड एकराची तूर झाली! भाजी मात्र रोज पाच किलो, म्हणजे एखाद्या घराचा मीठमिरचीचा खर्च निघावा एवढी.

नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले, तेव्हा परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईलाही गिऱ्हाईक मिळेलसे वाटले. जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्याचा पैसा थांबवला; अंडे द्यायचे तर लोकसहभागातून द्या, असे सांगितले.

ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शाळेच्या जेवणाच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के पैसा छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्चणे बंधनकारक केले. आपल्याकडेही 2021 च्या पोषण योजनेत शेतकरी कंपन्या, बचत गट आणि स्थानिक धान्य यांना उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. पण उत्तेजन वेगळे आणि बंधन वेगळे.

शिवाय रोकड हवी. मेथीची जुडी आठवड्याच्या आठवड्याला पैसे देणार असेल तर शाळेत येईल. बिल निघायला दोन-तीन महिने लागणार असतील तर ती औंढ्याच्या बाजारालाच जाईल.