प्रवासाची बांधाबांध

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठीं यंदा मे महिन्यांत आम्हां उभयतांना मॉरिशसला जावयाचें ठरलें. देश उष्ण कटिबंधांतला. तेव्हां सुती सदरे व धोतरें पुरतील, असा माझा हिशेब. वस्तुतः आपलें नागपूरही त्याच कटिबंधांत, उत्तरेस २१ अंशांवर! तें बेट मात्र दक्षिणेस २० अंशांवर. येथें वैशाखवणवा पेटतो तेव्हां तेथें हिवाळा सुरू होतो. संस्कृताच्या जोडीला वर्षानुवर्षें भूगोल शिकविणाऱ्या मला हें सौभाग्यवतीनें सुचवावें लागलें. स्वेटर मुकाट्यानें पेटींत गेला.

डिंकाचे लाडू झाले, मेतकूट झालें. तिचा जीव मात्र तुळशींत गुंतलेला. लेकीच्या दारीं आपल्या अंगणांतलेंच रोप हवें! परवान्यावांचून रोपें वा बियाणें तेथें नेतां येत नाहींत, हें सांगणें माझ्या वांट्यास आलें. ती कांहीं बोलली नाहीं. १८३४ नंतर गिरमिटाच्या मजुरीवर त्या बेटावर गेलेल्यांत कोंकणची मराठी कुटुंबेंही होतीं, असें मीं पूर्वीं तिला सांगितलें होतें.

“त्या बायकांनीं गांठोड्यांत काय नेलें असेल हो?” रात्रीं तिनें विचारलें.

सकाळीं पेटी उघडून पाहतों, तों रोपासाठीं राखलेल्या जागीं लेकीचेंच जुनें दुपटें घडी करून ठेविलेलें. माझे दोन सदरे बाहेर काढलेले होते.